मुठीच्या फळ्या

९ जानेवारी, शुक्रवार

चाकूच्या मुठीची फळी सुटत नाही म्हणजे नाही! इतकं पक्कं चिकटवायला कोणी सांगितलं होतं मले? मीच चिकटवलं, आता मीच भोगते.

हा चाकू मी घडवलेला — वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हा, भनपुरीच्या भंगारातून ट्रकच्या कमानीची, म्हणजे स्प्रिंगची, पट्टी आणून. यांच्यासाठी. आमच्याकडे लोखंड माझं, स्वयंपाक यांचा. लग्नापासून तसंच. पाहुणे आधी हसायचे, मग जेवायचे, मग वाढा म्हणायचे.

दिवाळीआधी यांना लकव्याचा झटका आला. बोलणं-चालणं ठीक झालं, उजव्या हाताची पकड मात्र गेली. एकदा चाकू निसटला आणि हे सरळ हॉलमध्ये जाऊन बसले. "आता नाही जमत, शर्मिष्ठा." तेव्हापासून खानावळीचा डबा. आणि हे गप्प.

मूठ जाड केली तर पकड बसेल. दोन्ही बाजूंच्या फळ्या काढायच्या, आत सागाची पट्टी घालायची, वर परत त्याच फळ्या. नव्या नकोत. मुठीच्या त्या बीजा लाकडाच्या एका फळीवर, भाजी चिरून चिरून, यांच्या अंगठ्यानं खळी पाडली आहे. ती मले पॉलिश कागदानं घासून थोडीच पाडता येणार!

१० जानेवारी

भिलाईहून गंधालीचा फोन. "आई, नया बना दो ना! इतना क्या!"

म्हटलं, पोरी, तुझ्या बाबांचा अंगठा नवा बनवता येत नाही. हसली. मग म्हणाली, "पापा कैसे हैं?" सांगितलं — बसून राहतात.

रिवेटांची डोकी कालच ड्रिलनं उडवली, रिवेट ठोकून बाहेर काढले. आता नुसतं चिकटवायचं सोल्युशन फळ्या धरून आहे. थंडीनं ते ठिसूळ होतं म्हणतात. चाकू फ्रीझरमध्ये, मटारांच्या शेजारी!

११ जानेवारी, रविवार

थंडीनं काही झालं नाही. लाकडी हातोडीनं टपली मारली, अजून एक मारली — हूं नाही की चूं नाही!

हॉलमधून आवाज: "काय फोडून राहिली?"

"तुमचा चाकू!"

उठून आले! दारात उभे राहिले. "काहून ठोकून राहिली इतकी? फळी तडकली ना, तर पाहा!" चांगलेच चिडले. मले इतकं बरं वाटलं! किती दिवसांत कशावर चिडलेच नव्हते.

१३ जानेवारी

आज गरमीचा उपाय. पात्याला ओलं फडकं गुंडाळलं — पातं तापलं तर त्याचं पाणी उतरतं, मग कितीही धार लावा, टिकत नाही. मुठीच्या पाठीला जे लोखंड उघडं दिसतं, त्यावर इस्त्री टेकवली. तापलं की फटीत तंगूस घालायची — मासे धरायचा तो नायलॉनचा दोरा — आणि करवतीसारखी मागे-पुढे ओढायची.

एक टोक यांना दिलं. डाव्या हातानं धरलं.

"ओढा."

"ओढूनच राहिलो ना!"

"इकडे नाही, तिकडे!"

तंगूस तुटली. हे खुर्चीसकट मागे भिंतीला टेकले. मी धावले — आणि हे हसत सुटले! खो खो!

नवी तंगूस घातली. पहिली फळी सुटली, अख्खी, खळीवाली. दुसरीच्या टोकाला केसाएवढा तडा दिसला. तिथंच थांबले. जिथं घाई, तिथं लाकूड जातं.

१४ जानेवारी

दुसरीही निघाली!! तड्यात आधी पातळ गोंद भरला, सुकू दिला, मग हळूहळू तापवलं. तिळगूळ विकतचा. तरी गोड लागला.

१७ जानेवारी

सागाच्या पट्ट्या बसल्या, फळ्या बसल्या, नवे रिवेट बसले. मूठ आता चांगली जाडजूड.

यांनी चाकू हातात घेतला. अंगठा बरोबर खळीत गेला. मूठ दोनदा आवळून पाहिली. मग मान डोलावून नुसतं म्हणाले — "हव."

१८ जानेवारी, रविवार

वांगी, मुळा, कोथिंबीर. हळू चिरलं, पण एकदाही निसटला नाही! डबा बंद करून टाकला. मी दारात उभी राहून उगाच पाहून राहिले. "जा ना तिकडे," म्हणाले. गेले नाही.

संध्याकाळची भाजी तेच करणार आहेत.

रात्री

भाजी इतकी खारट की घास गिळवेना. हे मात्र शांतपणे जेवत होते. मी पाहतच राहिले, तेव्हा ताटाकडे बघत म्हणाले, "चवच कळत नाही मले. दवाखान्यातून आलो तेव्हापासून. कसं सांगू तुले? हाताचं निमित्त बरं होतं."

म्हणजे अडचण नुसती मुठीची नव्हती!

कढई परत गॅसवर चढवली. पाणी घातलं, दोन बटाटे घातले. चमचाभर चाखलं. म्हटलं, "अजून खारट." थोड्या वेळानं — "आता ठीक. पण आंबट पाहिजे."

हे चिंच कोळायला उठले.