खाली नुसता चिखल आहे

ओबान, स्टुअर्ट बेट
सोमवार

तीर्थरूप तिपेनेदादास,

धाकट्या नायरीचा नमस्कार. तुझा गुडघा, वहिनींची मांजर आणि ब्लफचा वारा हे तिन्ही आपापल्या जागी असतील असं धरून चालते. इकडे आम्ही दोघं नवराबायको ठीक. ड्यूगल्डचा कान अजून वाहतो आणि माझी जीभ अजून चालते. दोन्हींवर औषध नाही. तू उत्तर देत नाहीस म्हणून हे पत्र नाही. काही मागायचंय म्हणूनही नाही. नुसती खुशाली. (हे शेवटचं वाक्य दोनदा वाचू नकोस.)

तर खुशालीत विशेष एवढंच, की मी पाठीवर हवेची टाकी बांधून केल्पच्या रानात उतरायचं ठरवलंय. हो, तेच रान. धक्क्यापलीकडचं, माणसाहून उंच समुद्रशेवाळाचं, ओहोटीला ज्याचे तपकिरी शेंडे पाण्यावर लोळतात आणि ज्याच्यावर मी जन्मभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून नजर ठेवून आहे. या वयात ही दुर्बुद्धी का, तर दोष गेल्या महिन्यातल्या एका रविवारच्या प्रश्नमंजुषेचा. हॉटेलात अख्खं बेट जमलेलं. प्रश्न आला, की आपल्या खाडीतल्या केल्पमध्ये असा कोणता मासा राहतो ज्याची पोरं बापाच्या पोटात वाढतात? मी उभी राहिले (उभं राहायची पद्धत नाही, पण मला बसून शहाणपण सांगता येत नाही) आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, की प्रश्नच चुकलाय. कॉड मासा फिरतो तो वरवर, केल्पच्या आत कुणी राहत नाही, खाली नुसता चिखल आहे. शेजारच्या टेबलावर हॅम्बर्गची एक चष्मेवाली बाई होती, आदल्याच दिवशी बोटीतून उतरलेली. ती हळूच म्हणाली, "समुद्रघोडा." तिला बिअर मिळाली. मला टाळ्या मिळाल्या, आणि त्या अजून थांबलेल्या नाहीत. परवा दुकानात लोणी मागितलं तर दुकानदार म्हणाला, "खाली बघ, चिखलाशेजारी."

हॉटेलात त्या टाळ्यांतच मी तिथल्या तिथे प्रतिज्ञा केली, की हिवाळ्याआधी खाली जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून येईन. ड्यूगल्ड म्हणाला, "अगं, तू अंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवून बघतेस." या उत्तेजनावर तयारीला लागले. रबरी पोशाख शेजारच्या मॅव्हिसने दिला. मॅव्हिस माझ्यापेक्षा बारीक आहे हे मला माहीत होतं. किती बारीक, ते पोशाख मांडीपर्यंत आल्यावर कळलं. भांडी घासायचा साबण लावून, मॅव्हिस पुढून आणि ड्यूगल्ड मागून असं ओढत मला आत भरलं. हात सरळ खाली येईनात, त्यामुळे मी पेंग्विनासारखी स्वयंपाकघरात उभी. आणि नेमके तेव्हाच पाद्रीसाहेब केकचा डबा परत द्यायला आले. त्यांनी डबा माझ्या पसरलेल्या हातावर ठेवला, "देव तुझं भलं करो" म्हणाले आणि मागच्या मागे गेले. या रविवारचं प्रवचन गर्वावर होतं.

शिकवायला मर्डो. (तोच, बोटवाला. आता दाढी ठेवलीय, त्यात जेवण सापडतं.) उथळ पाण्यात धडे झाले, पण मी बुडेचना. रबर आणि मी, दोघंही तरंगणाऱ्या जातीचे. मर्डो कमरेच्या पट्ट्यात शिसं वाढवत गेला, वाढवत गेला, आणि शेवटी कंटाळून म्हणाला, "काय गं नायरी, इतकी वर्षं मनावर दगड घेऊन हिंडतेस, तरी बुडत नाहीस?" माझ्या तोंडात नळी होती, म्हणून तो वाचला.

अखेर बुडाले. चांगली बुडाले. आणि मग ते घडलं, जे तुझ्यापर्यंत ब्लफला पोचलंच असणार, पण माझ्या बाजूने ऐक. केल्प पायाला गुंडाळला की झटापट करायची नाही, शांत राहून हाताने काडकन मोडायचा, हे मर्डोने शंभरदा सांगितलं होतं. पायाला काहीतरी गुंडाळलं. मी शांत राहिले नाही. पोटरीला बांधलेला सुरा काढला आणि सपकन कापलं. मोठी विजयी होऊन वर आले, तर माझ्याबरोबर एक निळा बोया वर तरंगत आलेला, त्याला हातभर दोरी, आणि खाली काही नाही. मॅव्हिसच्या कॉड पकडायच्या पिंजऱ्याची दोरी, दादा. तुला सांगायला नको: आपल्याकडे दुसऱ्याचा नवरा पळवला तर लोक दोन हिवाळ्यांत विसरतात, दुसऱ्याची पिंजऱ्याची दोरी कापली तर ते नातवंडांना सांगतात. मॅव्हिस धक्क्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "पोशाख माझा, दोरी माझी, पिंजरा माझा. खालचे मासे तेवढे तुझे. जा, त्यांच्यातच राहा."

आता खरी पंचाईत ऐक. (पंचाईत तुझी नाही, माझीच. तू नुसतं ऐक.) शनिवारी मर्डोची शेवटची फेरी, मग बोट हिवाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढणार. आणि त्याचा नियम, की जोडीदाराशिवाय कुणी खाली जायचं नाही. तो स्वतः बोट सोडू शकत नाही. "जोडीदार नसेल तर मी माझ्या सासूलाही खाली सोडत नाही," म्हणाला, "आणि तिला सोडायची फार इच्छा आहे." ड्यूगल्डचा कान तुला माहीत. मॅव्हिस बोलत नाही. बाकी बेटावर जो पाण्यात उतरतो त्याचा कुठेतरी पिंजरा असतो, आणि माझ्या पोटरीला सुरा. मर्डो म्हणाला, "तुझ्या दादाला का नाही विचारत? शिंपले काढता काढता त्याचं अर्धं आयुष्य त्या रानात गेलं." मी ठणकावून सांगितलं, की तो यायचा नाही आणि मी बोलवायची नाही.

कारण मेरेआत्याच्या मयताच्या जेवणात मी जे बोलले ते खरंच होतं. खारवलेला टीटी पक्षी तीन पाण्यांत उकळायचा असतो, तेव्हा कुठे मीठ उतरतं. तू दोनच पाणी बदललीस. आई तीन बदलायची. (तू म्हणतोस दोन. आता आईला विचारायची सोय नाही, म्हणून आपण दोघंही बिनधास्त बरोबर आहोत.) "हा पक्षी नव्हे, ही सामुद्रधुनी आहे," हे मात्र चाळीस माणसांसमोर म्हणायला नको होतं असं ड्यूगल्डचं मत आहे. तू पुडिंग न खाता दुपारच्या बोटीने गेलास, तो गेलासच.

एक गोष्ट राहिली. ती दोरी कापायच्या आधी, क्षणभरच, मी वर पाहिलं. ऊन तिरपं खाली येत होतं, आणि केल्पची पानं, जी वरून मला जन्मभर चिंध्या वाटली, ती मधासारखी पिवळी होऊन उभीच्या उभी डुलत होती, आणि त्यांच्यात मासे कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे स्थिर उभे. आणि मला धक्का आठवला. मी तुझा सदरा धरून बसलेली, तू शिंपल्यांची पिशवी घेऊन वर आलेला. मी विचारायचे, "दादा, खाली काय आहे रे?" तू केसांतलं पाणी झटकत म्हणायचास, "चिखल गं. नुसता चिखल." मी तुझ्यामागे उडी मारेन म्हणून म्हणायचास, हे मला आत्ता कळतंय. पण मी विश्वास ठेवला, दादा. एवढा ठेवला, की अख्ख्या हॉटेलात उभं राहून तेच सांगितलं. चिखल कुठेच नव्हता.

असो. वहिनींना नमस्कार, मांजरीला नाही. लोभ मेरेआत्या होती तेव्हा होता तेवढा तरी असावा.

तुझी,
नायरी

ता. क. शनिवारी वारा पडणार आहे म्हणतात. सकाळच्या बोटीने कुणी सहज इकडे आलं, तर त्याला सामुद्रधुनीत उलटी व्हायची नाही. नुसतं कळवलं.

ता. क. दुसरा: मर्डोला मी जोडीदाराचं नाव सांगून टाकलंय. तुझा जुना पोशाख माळ्यावर होता, तो धुऊन वाळत घातलाय. पोटाकडे तुला होईल की नाही शंका आहे, पण भांडी घासायचा साबण भरपूर आहे.

ता. क. तिसरा: सुरा ड्यूगल्डने काढून घेतलाय, तेव्हा घाबरू नकोस. टीटी शुक्रवारी रात्री भिजत घालते. शनिवारी वर आल्यावर उकळू. दुसरं पाणी ओतलं की पातेलं तुझ्यासमोर ठेवीन आणि तोंड बंद ठेवीन. पण मग तू मला विचारायचंस, "नायरी, खाली काय होतं गं?"