मापट्यावरची शीग

करीम, हे तू वाचशील आणि पेठेचा कोपरा गाठेपर्यंत सोयीचे तेवढे विसरशील, छत्री विसरतोस तसे. म्हणून तोंडी न सांगता दत्तोपंतांकडून लिहून घेत आहे.

मी सुलतानबी, मरहूम मौलासाब यांची बायको, वय सत्तरच्या पुढे, धंदा चुरमुऱ्याचा, राहणार कोल्हापूर. अक्षरओळख नाही, बाकी सगळ्यांची ओळख आहे. डॉक्टरांनी बोटे दाखवून किती ते विचारले. मी तीन म्हणाले, आणि त्यांची अंगठी सैल झालीय तेही सांगितले. शुद्धीत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे.

१. रस्त्याकडचे दुकान, वरची माडी, तराजू आणि किलोची वजने कायद्याप्रमाणे माझा मुलगा करीम याची. तक्रार नाही.

२. मागची खोली व चुरमुऱ्याची भट्टी मदिनाला. ही माझ्या धाकट्या लालासाबची बायको. तो माझ्याआधी गेला, त्यामुळे कायद्याने तिला माझे काही मिळत नाही. मात्र माझ्या मिळकतीचा तिसरा हिस्सा मी मृत्युपत्राने तिला देऊ शकते, आणि देत आहे. खोली त्यात बसते का, हे करीमनेच मीटरची पट्टी लावून मोजले.

"कशाला मोजायचं, अम्मा?"

"चटई टाकायची हाय."

तेव्हा आकड्यावर त्याने हरकत घेऊ नये. मधे भिंतही घालू नये.

३. चुरमुरे मोजायचे तांब्याचे मापटे मदिनाला. किलो सुरू झाला तेव्हा वजनमापांचे साहेब जुनी मापे जमा करायला आले. करीमने भिऊन सगळी पुढे केली. मदिनाने मापट्यात कांदे भरून ते चुलीपाशी ठेवले.

"हे काय?"

"कांद्याचं भांडं की, पावणं. न्हेताय तर कांदं तेवढं काढून द्या."

साहेब गेले.

किलोवर माझा राग नाही. पण मापटे भरले की वर शीग उभी राहायची, आणि ती गिऱ्हाइकाची असायची. करीम काटा मध्यावर आला की वरचे दोन चुरमुरे परत उचलतो. उचलू दे, दुकान त्याचे आहे. पण भाऊ गेल्यावर तो भावजयीचे पीठही तसेच तोलू लागला. मी गप्प बसले होते, आंधळी नव्हते. यापुढे तिचे पीठ तिच्या डब्यात.

४. कफनाचे कापड मीटरने आणा की वाराने, मी उठून बघणार नाही.

सुलतानबी, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: गणपतराव मोरबाळे, सयाजी चौगुले
लिहिणार: दत्तोपंत हेर्लेकर
कोल्हापूर, ११ ऑक्टोबर १९६६

शाई वाळायच्या आत साक्षीदारांसमोर आणखी सांगितले, दुसरा अंगठा खाली उठवला आहे: मदिना, माझ्या चाळिसाव्याला करीमच्या घरी मलिदा पाठव. तराजू लावू नकोस. मापट्याने घाल, शीग ढळेपर्यंत.