लेबल भिंतीकडे

हॉस्पिटलमधून घरी सोडताना नर्सबाईंनी बजावलं होतं, “बाळाला व्हिटॅमिनचे थेंब एकाच माणसाने द्यायचे.” मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, घरात तिघं शिकलेली माणसं, थेंब मोजता येणार नाहीत का!

आज पिल्लूला ते दोनदा गेले. सकाळी मी दिले आणि आपल्या ठरल्याप्रमाणे, देऊन झाल्याची खूण म्हणून, बाटलीचं लेबल भिंतीकडे फिरवलं. तू ऑफिसला निघताना फळी आवरलीस आणि सगळी लेबलं समोर केलीस, अगदी दुकानासारखी. मी आंघोळीला गेले होते. आईंना लेबल समोर दिसलं, त्यांनी पुन्हा दिले.

डॉक्टर फोनवर म्हणाले, एकदा झालं तर काही बिघडत नाही, पण चैन पडत नसेल तर दाखवून जा. मला चैन पडत नाहीये. त्याला घेऊन जातेय.

तुला तीनदा फोन केला, उचलला नाहीस. तीन आठवडे मी सलग दोन तास झोपलेली नाही, आणि तुला मदत म्हणून सुचली ती फळी! त्यावर आल्यावर बोलूच.

पण तुझ्या चुकीचा राग मी आईंवर काढला. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?” असं म्हणाले. “चुकलं गं माझं,” एवढंच म्हणून त्या खोलीत गेल्या. फळीकडे माझं लक्ष नंतर गेलं. दार वाजवलं तर आतून म्हणाल्या, “आधी बाळाला दाखवून ये.”

त्या जेवलेल्या नाहीत. बूट काढायच्या आधी त्यांच्याकडे जा. चूक कोणाची ते त्यांना तूच सांग, आणि त्या कशा आहेत ते बघून मला लगेच कळव.