गरज न्हाय, हौस हाय

भाऊ,

बारावीनंतर शिक्षिका होण्यासाठी मला गरजू मुलींसाठीची शिष्यवृत्ती मिळत होती. अट एकच, शिकून आपल्याच गावच्या शाळेत शिकवायचं. चौकशीला मॅडम घरी आल्या. तू त्यांना बंगला दाखवलास, गाडीत बसवून वडपे गावातली आपली गोदामं दाखवलीस आणि वर म्हणालास, "आमच्या पोरीला नोकरीची गरज न्हाय. हौस हाय तिची." त्यांनी माझं नाव खोडलं. तीन वर्षं मी घरात कुजतेय!

हे पत्र तुला दिलं, तर तू देवेशला हाक मारशील, "वाच रे, आत्यानं काय लिवलंय." तुझा पोरगा त्याच शाळेत चौथीत आहे, भाऊ. त्याच्या वर्गाला दोन वर्षं बाई नाही. त्याला हे वाचता येणार नाही.

तुझी हौशी बहीण,
मृणाली