चि. शैला, वय सत्तावन्न

कात्रज, पुणे
दि. १२ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सविनय जय भीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात? कात्रजहून धायरीला बसनं तासाभरात पोचता येतं आणि पत्राला पाच दिवस लागतात, हे मलाही माहीत आहे. पण फोनवर आपण दोघंही 'बरं आहे'च्या पुढं जात नाही. तुझा अभय हसत असेल तर हसू दे.

बातमी वाईट आहे. कॉम्प्युटरच्या परीक्षेत मी नापास झालो. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचराला लिपिक व्हायचं तर ते सर्टिफिकेट लागतं. क्लासच्या वल्लरी मॅडम आमच्या लेकीपेक्षा, मैत्रीपेक्षा, चारच वर्षांनी मोठ्या असतील. लेकीच्या वयाच्या बाईंसमोर चुकताना मान खाली जाते.

अभ्यास झाला होता. पण बाराव्या मिनिटाला पडद्यावर प्रश्न आला, परीक्षा संपवायची आहे का? चोवीस वर्षं कुणीही काही विचारलं की 'हो सर' म्हणायची सवय. 'होय' दाबलं. संपली.

आमचे मोठे लिपिक शरच्चंद्र साहेब म्हणाले, की संभाजीराव, उगाच जीव काढू नका, ऑक्टोबरात पन्नास पूर्ण झाली की आपल्याकडं सूट मिळते. या माणसाकडून आता काही होणार नाही, हे नियमच मान्य करतो. मला सूट नको, अक्का. पास व्हायचंय. का, ते तुला सांगायला नको. पुढची परीक्षा एप्रिलात, पन्नाशीआधीची शेवटची.

माया आहेच, ती गुडघ्यांपेक्षा जास्त टिकावी.
तुझा,
संभाजी


धायरी
दि. २१ जानेवारी

चि. संभाजीस,
सप्रेम जय भीम.

पडद्यानं विचारलं म्हणून हो म्हणालास! नंदाला बघायला गेलो तेव्हाही चहा यायच्या आधी तू हो म्हणून बसला होतास. ती चांगली निघाली हे तुझं नशीब. कॉम्प्युटर काही नंदा नाही.

यापुढं त्यानं काहीही विचारलं की आधी 'नाही' म्हण. मग बघू.

सूट घ्यायची नाही. मी सातवीतून उठले आणि माझं दप्तर तुझ्या खांद्याला अडकवलं, ते सूट घेण्यासाठी नव्हतं. गुडघे दुखतात. विचारल्यानं थांबत नाहीत, तरी विचारत जा.

तुझी,
अक्का


कात्रज
दि. १६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सविनय जय भीम. वि. वि.

आज आनंदात लिहितोय. मॅडमनी मेल मर्ज शिकवलं. पत्राचा साचा एकच, शेजारी एक तक्ता. तक्त्यात ती. की चि., मग नाव, मग ज्याला त्याला सांगायचा मजकूर. एक बटण दाबलं की प्रत्येकाचं वेगळं पत्र छापून येतं. मी चौघांची नावं घातली: तू, आप्पामामा, अभय आणि गावाकडची संपतची लेक आनंदी. नावं अकारविल्हे लावली, छापलं, सह्या केल्या, पाकिटांवर पत्ते हातानं घातले आणि आजच पेटीत टाकली. वाचत बसलो नाही. यंत्राचं काम, चुकायचं कशाला?

तुझ्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली आहे. तोंडानं कधी जमली नसती.

आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.
संभाजी


धायरी
दि. २६ फेब्रुवारी

चि. संभाजीस,
सप्रेम जय भीम.

छापील पत्र मिळालं. सुरुवात 'चि. शैला' अशी आहे. सत्तावन्नाव्या वर्षी चिरंजीव झाले. पुढं लिहिलंस, शाळा सुटली म्हणून शिक्षण संपलं असं समजू नकोस, लाजू नकोस, क्लासला नाव घाल, मी पाठीशी आहे. दोनदा वाचलं. वाटलं, हा बरा आहे ना?

मग 'ती. अभय यांस' आलं. आता तो मला चहा हातात मागतो, म्हणतो तीर्थस्वरूपांना असं ताटकळत ठेवू नये.

आप्पामामांचा तर फोनच आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला तू लिहिलंस, की चि. आप्पासाहेब, वय वाढत चाललंय, आता लग्नाचं मनावर घे, मुलगी बघायला मी सोबत येतो. मामी जाऊन नऊ वर्षं झाली. मला वाटलं, चिडलेत. ते विचारत होते, मुलगी कुठली.

आणि दहावीनंतर घरी बसलेली आनंदी आरशासमोर तोंड उघडून उभी आहे म्हणे. काकानं विचारलंय, कवळी नीट बसली का.

अभयनं त्याचं पत्र माझ्यापुढं ठेवलं. म्हणाला, हे तुझंच आहे. मी वाचलं. घडी घालून जपून ठेवलंय.

अक्का


कात्रज
दि. ४ मार्च

ती. अक्कास,
सविनय जय भीम. वि. वि.

चूक सापडली. मी तक्त्यातली फक्त नावांची उभी रांग हलवली, बाकीच्या रांगा जागच्या जागी राहिल्या. आप्पामामांची कवळी आनंदीला गेली, अभयचं लग्न आप्पामामांना, आणि तुझं पत्र अभयला. खरं सांगतो, पडद्यानं विचारलं होतं, बाकीच्या रांगाही सोबत हलवू का? तू म्हणाली होतीस, आधी 'नाही' म्हण. मी 'नाही' म्हणालो.

वल्लरी मॅडम हसता हसता खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या, काका, आता हे तुम्ही मरेपर्यंत विसरणार नाही.

अभयला गेलेल्या कागदावर जे होतं, 'तू शाळा सोडलीस म्हणून मी शिकलो', ते खरं आहे. तुझ्यापर्यंत पोचायला त्याला तुझ्याच घरात दुसऱ्याच्या नावानं यावं लागलं. क्लासला नाव घालायचं मात्र आनंदीसाठी होतं. तिला मी हातानं वेगळं लिहितो.

राग धरू नये.
संभाजी


धायरी
दि. १२ मार्च

चि. संभाजीस,
सप्रेम जय भीम.

आनंदीसाठी होतं म्हणतोस. वर माझं नाव आहे, खाली तुझी सही आहे. काल इथल्या क्लासात नाव घातलं. फॉर्म घेणाऱ्या मुलीनं विचारलं, नातवाचं नाव काय. मी म्हटलं, शैला.

आनंदीला बोलावून घेतलंय. आता ती माझ्याकडंच राहील. दोघी मिळून जाऊ, जिना चढताना तिचा खांदा होईल. तू आता पास हो. नापास भावाची बहीण म्हणून मी क्लासला जाणार नाही.

अक्का


कात्रज
दि. २७ एप्रिल

ती. अक्कास,
सविनय जय भीम. वि. वि.

परीक्षेच्या दिवशी सकाळी बुद्धवंदना घेऊन निघालो. परीक्षेसाठी काही मागितलं नाही, मागायची आपली रीत नाही. चित्त ठिकाणावर राहावं, एवढंच मनात होतं.

तिसराच प्रश्न आला, तक्त्यातली नावं अकारविल्हे लावा. माझ्यापुढं आप्पामामा उभे राहिले. मी अख्खा तक्ता निवडला, मग नावं लावली. शेवटी पडद्यानं विचारलंच, परीक्षा संपवायची का? या वेळी ना माझ्या सवयीचं ऐकलं, ना तुझं. हात मांडीवर ठेवला, सगळी उत्तरं पुन्हा पाहिली, आणि मग 'होय'.

शंभरपैकी चौऱ्याहत्तर. शरच्चंद्र साहेबांनी सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, की आता काही येत नाही म्हणायची सोय राहिली नाही तुम्हाला.

सोबत पार्सल पाठवलंय. नंदानं रंग निवडला. पट्टा लांब-आखूड करता येतो.

तुझा,
संभाजी


धायरी
दि. ९ मे

चि. संभाजीस,
सप्रेम जय भीम.

हे मी टाईप केलंय. पाऊण तास लागला. आनंदी शेजारी बसून हसतेय, तिला तीन ओळी पुढं जायची घाई.

आप्पामामा रोज विचारतात, संभाजी मुलगी बघायला कधी येतोय. तू काहीतरी कळव, मी थकले.

दप्तर पोचलं. परत करायला चव्वेचाळीस वर्षं लावलीस.

तुझी,
चि. शैला