तिरडीवरची चार मिनिटं

मु. पो. कापडे, ता. पोलादपूर

ती. कुशाबादाजी यांना भागोजीचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या आरंभी 'इकडे सर्व खुशाल' असं सगळेच लिहितात आणि वाचणारा ती ओळ सोडून पुढे जातो. आपण कृपा करून सोडू नये. मी खुशाल आहे, जिवंत आहे, आणि हे अक्षर माझंच आहे. जनाअक्काचे गुडघे कसे आहेत? आपला खोकला? बारा दिवस फोन उचलला जात नाही, म्हणून पत्राची तसदी देतो आहे. झालं ते सगळं एकदा सलग ऐकावं, मग हवी ती शिक्षा द्यावी.

आमची धाकटी तेजश्री महाडला लग्नांची शूटिंग करते, हे अक्काच्या कानावर असेल. (मोठ्या स्नेहलच्या लग्नात टॉवेल-टोपीच्या मानाला आपलं नाव चौथं पुकारलं गेलं आणि आपण न जेवता वरंधला परत गेलात, त्याला या वैशाखात नऊ वर्षं होतील. तेव्हा तेजश्री कॉलेजात होती, ती आता केवढी झाली ते आपण पाहिलेलं नाही.) तिचं एक दैवत आहे, अमेरिकेतला मायकल जॅक्सन. तो गृहस्थ वारून पुष्कळ वर्षं झाली. तेजश्री सांगते, त्याच्या आधी गाण्याच्या व्हिडिओत गाणारा बहुतेक नुसता उभा राहून गायचा. यानं गाण्यात गोष्ट घातली. आधी माणसं बोलतात, काहीतरी संकट येतं, आणि गाणं मागाहून येतं. तो त्याला व्हिडिओ म्हणू देत नसे, लघुपट म्हणा म्हणायचा. मला तिनं फोनवर एक दाखवला. त्यात मेलेली माणसं उठून रांगेत नाचतात, आणि इतक्या शिस्तीत, की आपल्या ग्रामसभेत जिवंत माणसं तशी बसत नाहीत.

तर तेजश्रीनंही लघुपट करायचा ठरवला. गाणं महाडच्या बुद्धरत्नचं. (दर मार्चला चवदार तळ्यावर गातो तोच. आवाज असा, की लाउडस्पीकर बंद पडला तरी कुणाला कळू नये.) गोष्ट एका म्हाताऱ्या ढोलवाल्याची. तो मरतो, गाव त्याची तिरडी नदीवर नेतं, तिथं त्याचा चेला ढोल वाजवतो आणि म्हातारा उठून नाचायला लागतो. म्हाताऱ्याच्या कामाला महाडचे एक नाटकवाले ठरले होते, पण तिरडी बांधलेली बघून ते लघवीला म्हणून गेले ते घरीच गेले. मग काम माझ्यावर आलं. आमच्या सौ. राहीबाईनं घरातून निक्षून सांगितलं, "जित्या मानसाला तिरडीवर बांधतात काय? मी बघायला येनार नाय." ती आली नाही. बाकी सगळं गाव आलं.

सकाळी रस्त्यावरचं शूटिंग झालं. नेमका त्या वेळी सदू रिक्षा घेऊन पोलादपूरकडे चालला होता. त्यानं रिक्षा थांबवून हात जोडले, फोटो काढला आणि गेला. कॅमेरा त्याला दिसला नाही. (सदूला समोरचा ट्रकसुद्धा उशिरा दिसतो.) दुपारपर्यंत तीन ग्रुपांवर माझ्याभोवती फुलांची चौकट लागली होती. आत फोटो मतदान कार्डावरचा होता, तो कुणी पुरवला याचा तपास लागलेला नाही. आम्हां कुणाला याची काही वार्ता नव्हती, कारण तेजश्रीनं सगळ्यांचे फोन बंद करायला लावले होते.

चारच्या सुमाराला नदीवर शेवटचं दृश्य होतं. तेजश्रीनं ताकीद दिली होती, "बाबा, ढोल वाजेस्तवर पापणी हलवायची नाय." मी डोळे मिटून पडलो. एवढ्यात कुणीतरी शेताच्या बांधावरून धावत आलं. खांदेकरी आपल्याला ओळखत नव्हते, त्यांना वाटलं हेही गोष्टीतलंच. त्यांनी वाट दिली. आपण माझे पाय धरले आणि म्हणालात, "भाग्या, ऊठ रे. टोपी गेली खड्ड्यात. मी जेवून जायाला पायजे होतं. ऊठ." मला वाटलं, तेजश्रीनं न सांगता एखादा नट आणला. म्हणून हुकमाप्रमाणे पडून राहिलो. ढोलही त्या दिवशी का कोण जाणे उशिरा वाजला. वाजल्यावर ठरल्याप्रमाणे मी उठलो आणि दोन पावलं नाचलोही. पुढे आपण मला थोबाडीत दिलीत, ते योग्यच होतं. पण आपण अनवाणी, चहाला न थांबता गेलात आणि तेही सदूच्याच रिक्षातून, याचं फार वाईट वाटलं.

आपण माझ्यासाठी आणलेलं पांढरं कापड तिथंच राहिलं. राहीबाईनं धुऊन, घडी करून ठेवलं आहे. असं कापड परत कसं करतात, याची रीत गावात कुणालाच माहीत नाही. चपला मात्र दोन्ही सापडल्या.

अक्काला नमस्कार.

आपला,
भागोजी

ता. क. तेजश्रीला आपली परवानगी हवी आहे. कॅमेरा चालूच होता, त्यामुळे आपण बांधावरून धावत आलात तिथपासूनची चार मिनिटं त्यात आली आहेत. ती म्हणते, आत्याच्या यजमानांशिवाय ते नुसतं गाणं होतं, आता तो लघुपट झाला. गाणं ती त्या चार मिनिटांनंतर सुरू करणार आहे. आपण नाही म्हणालात तर काढून टाकीन म्हणते. रविवारी संध्याकाळी शाळेत पडदा लावून दाखवणार आहोत. आधी बघावं, मग हो-नाही सांगावं. अक्कालाही आणावं.

ता. क. दुसरा. नट समजलो असं वर लिहिलं, ते खोटं आहे. पहिल्या हाकेलाच ओळखलं होतं. आई गेल्यापासून मला भाग्या म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. ढोलवाला माझ्या उशाशीच उभा होता, त्याला मीच बोटानं 'थांब' अशी खूण केली. मला अजून थोडं ऐकायचं होतं.