छापील आहे, सर

सर,

परवा भाचीनं तिच्या कॉलेजचा प्रकल्प माझ्यापुढं आणून ठेवला. "मावशी, तू असली कामं केलीयस ना, जरा नजर टाक." घरगुती मसाल्यांचा धंदा काढायचा, त्याचा आराखडा. शेवटी संदर्भांची चांगली दोन पानं, ठळक अक्षरात. मी त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून विचारलं, हा कुठून आला? "दिलंय की खाली. वेबसाइटवर आहे." वेबसाइटला कुणी सांगितलं, असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि ती माझ्याकडं अशी बघायला लागली की म्हातारीला झालंय तरी काय. वाक्य माझं नव्हतं, तुमचं होतं. ते दुसऱ्याला ऐकवायचा मला काडीचाही हक्क नाही, हे मात्र तिला ठाऊक नाही. तेव्हापासून तीन दिवस मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे. म्हटलं, आता कागदावरच बोलावं.

चिंचवड स्टेशनजवळ, पिठाच्या गिरणीवर तुमच्या दोन खोल्या. खाली जातं सुरू झालं की टाइपरायटर टेबलावर आपोआप सरकायचा आणि संध्याकाळपर्यंत अहवालांवर पिठाची साय धरायची. तुम्ही फुंकर मारून मगच सही करायचात. कंपनीतली नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप काढू बघणारी माणसं आपल्याकडं येत. औद्योगिक वसाहतीत शेड मिळायला आणि बँकेला दाखवायला त्यांना प्रकल्प अहवाल लागे, तो आपण लिहून देत असू. माल कोण घेईल, किती खपेल, कच्चा माल कुठून येईल. कच्च्या खर्ड्यात उजवीकडं चार बोटं जागा मोकळी सोडायची आणि प्रत्येक विधानासमोर तिथं लिहायचं, हे कुणी सांगितलं, कुठं, कोणत्या दिवशी, आणि सांगणाऱ्यानं स्वतः बघितलं की नुसतं ऐकलं. टाइप करताना तेच पानाच्या तळाशी यायला हवं. दुसरं कुणीही एवढा उपद्व्याप करत नसे. बाकीचे लोक 'असे समजते' लिहून मोकळे होत. मीही पहिल्या आठवड्यात तसं लिहिलं, तर तुम्ही कागद माझ्यापुढं सरकवलात आणि म्हणालात, "समजते? कुणाला समजते? ऊठ पोरी, जाऊन विचारून ये." मे महिना होता, दुपारचे दोन वाजलेले. मी तणतणत गेले. दुसऱ्या महिन्यात तुम्ही मला कापडी बूट आणून दिलेत. साडीवर कापडी बूट! स्टेशनवरचे रिक्षावाले हसायचे, पण मी ते तळ फाटेपर्यंत घातले, कारण तेव्हा मला तुमच्यासारखं व्हायचं होतं.

तीनचाकी टेम्पोत चाकांचे धक्के झेलणारे रबरी बुश बनवायचे, असा एक अर्ज आला तेव्हा तुम्ही मला कासारवाडीला पाठवलंत. रेल्वे फाटकाच्या अलीकडं चाचांचं गॅरेज होतं. दाढी पांढरी, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी मला उलट्या डब्यावर बसवलं, चहा मागवला आणि एक फाटका बुश माझ्या तळहातावर ठेवला. "दिवाळीला बदललेलं रबर संक्रांतीला फाटतं बघा, बाई." मी भराभर लिहून घेतलं. तर ते बोट वर करून म्हणाले, "पण लिहिणार असाल तर हे बी लिवा. माझ्याकडं येतात त्या सगळ्या खाणीवरच्या गाड्या. मोशीवरनं खडी भरून येतात, रस्ता तर तुमाला म्हाईतच हाय. शहरातल्या गाडीचं मला इचारू नका, ती मी बघितलेलीच न्हाई." मी तेही लिहिलं. खर्ड्यात चार ओळी होत्या, चाचांच्या नावासकट. तुम्ही वाचून मान हलवलीत. "याला म्हणतात साक्षीदार. आपल्याला काय ठाऊक नाही, हेही सांगतो."

आता जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही, ते. त्याच्या आदल्या महिन्यात मी एक अहवाल घेऊन बँकेत गेले होते. तिथल्या साहेबानं तळटीप मोठ्यानं वाचली. माहिती देणारा पानपट्टीवाला होता. साहेबानं शेजारच्या टेबलाकडं बघून म्हटलं, "घ्या, आता पानवाले इंडस्ट्री चालवणार!" सगळे खो खो हसले. मी बावीस वर्षांची. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या आणि साडीखाली ते बूट. म्हणून चाचांचा अहवाल टाइप करताना माझी बोटं थबकली. मेकॅनिक, गॅरेज, उलटा डबा, हे पुन्हा त्या साहेबाच्या तोंडात द्यायचं? मी चार ओळी गाळल्या आणि तिथं दोनच शब्द घातले, 'मार्केट सर्व्हे'. दिवाळी ते संक्रांतीचे तीन महिने करून टाकले. किती भारदस्त दिसत होतं! तुमच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता. खर्डा तुम्ही वाचलेला होता, टाइप केलेल्या पानावर फुंकर मारून सही केलीत. त्या अर्जदारानं पुढं लग्न केलं, सासऱ्याच्या दुकानात बसला आणि वर्कशॉप निघालंच नाही. मी मनात म्हटलं, सुटले.

दीड-दोन वर्षांनी उद्योजकांच्या एका संघटनेनं पुस्तिका काढली, कोणकोणते लघुउद्योग या भागात चालतील अशी. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन हिरवी पट्टी बांधलेली, त्यामुळं सगळं मीच तुम्हाला वाचून दाखवायची. त्याच दिवसांत कुरुळीचे ते गृहस्थ आले. शेतकरी घरातले, कंपनीत रबराच्या खात्यात साच्यावर काम करणारे, पर्मनंट. रबरी बुशचं वर्कशॉप त्यांना काढायचं होतं. हात कामाला पक्के, बोलणं साधं. "मला साचा कळतो सर, बाजार न्हाई कळत. तुमी हो म्हणलात तर राजीनामा देतो." मी पुस्तिका उघडली आणि त्यात माझं वाक्य सापडलं, टेम्पोचा बुश दर तीन महिन्यांनी बदलावा लागतो. शब्द न् शब्द माझं. खाली 'मार्केट सर्व्हेवरून'. सर, पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? लाज नाही वाटली. अभिमान वाटला. आपण लिहिलेलं छापून आलं! चाचा आठवायला दोन-तीन मिनिटं गेली. ते आठवले तोवर मी तुम्हाला वाक्य वाचून दाखवलं होतं आणि तुम्ही विचारलंत, "हे कुठून?"

"छापील आहे, सर."

"छापणाऱ्याला कुणी सांगितलं?"

"त्यांनी सर्व्हे केलाय."

तुम्ही पट्टीवरून हात फिरवलात. मग म्हणालात, "एवढी माणसं आहेत त्यांच्याकडं, केला असेल. एकदा शहरातल्या गॅरेजांत फिरून आली असतीस तर बरं झालं असतं." मी म्हटलं, सर, वेळ कुठं आहे, शेडच्या अर्जाची मुदत संपतेय. मुदत खरीच संपत होती, पण दोन दिवस बाकी होते. दोन दिवसांत मी पुण्यातली दहा गॅरेजं पायी पालथी घातली असती. गेले असते तर पहिलं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून गेले नाही.

पुस्तिकेचा दाखला जोडून अहवाल गेला आणि कुरुळीच्या गृहस्थांनी राजीनामा दिला. भोसरीला शेड मिळाली, रबर दाबायची प्रेस बसली, पूजेचे पेढे आपल्या ऑफिसात आले. वर्ष भरायच्या आत ते एक दिवस जिना चढून आले ते खांद्यावर पोतं घेऊन. पोतं जमिनीवर ठेवलं, त्यातून काळे बुश घरंगळत टेबलाखाली गेले. "माल चांगला हाय, सर. कुणी वाईट म्हणलं न्हाई. पर घेत्यात एकदा आन् मग वर्षभर तोंड दावत न्हाईत. म्हणत्यात, अजून झिजलंच न्हाई." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आपलंच काही चुकतंय, ते सरांना विचारून घ्यावं, अशा बेतानं ते उभे होते. मी वाकून बुश गोळा करत राहिले, कारण वर बघायची सोय नव्हती.

तुम्ही दुसऱ्याच दिवशी संघटनेच्या ऑफिसात गेलात. परत आलात तेव्हा टोपी हातात होती. "ते म्हणतात, तुमच्याच अहवालातनं घेतलं. आपण लिहिलेलं त्यांनी छापलं आणि त्यांनी छापलेलं आपण पुरावा म्हणून जोडलं." मग तुम्ही जुना खर्डा काढलात. चाचांच्या चार ओळी तिथं जशाच्या तशा. शेजारी टाइप केलेलं पान धरलंत, नव्या चष्म्यातून दोन्ही पुन्हा पुन्हा वाचलीत. मला वाटलं, आता. पण तुम्ही म्हणालात, "टाइप करताना सुटलं असणार. मी ताडून बघायला हवं होतं. डोळ्यांनी दगा दिला." आणि मग माझ्याकडं वळून, अगदी सहज, "पुस्तिका वाचताना तुला ओळखू नाही आलं?"

मी म्हटलं, "नाही, सर."

यावर तुम्ही दुसरा प्रश्न विचारला नाहीत. जन्मभर ज्यांनी प्रत्येकाला दुसरा प्रश्न विचारला, त्यांनी मला विचारला नाही. विश्वास होता म्हणून, की उत्तर कळलं होतं म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्हीपैकी कुठलंही खरं असलं तरी मला जड जातं.

रविवारी आपण कुरुळीला गेलो. मला घेऊन चला असं मीच म्हटलं, का ते देव जाणे. अंगणात बाज टाकलेली, त्यांच्या मंडळींनी गुळाचा चहा केला. तुम्ही चहाला हात लावायच्या आधी बोललात. "माहिती चुकीची होती. सही माझी आहे, चूक माझी आहे." ते गडबडून उभेच राहिले. "आवो सर, तुमी कशापायी... माझंच नशीब म्हणायचं." तुम्ही म्हणालात, "नशीब नाही. नशिबाच्या नावावर टाकू नका. मी बघितलं नाही." त्यांची बायको दाराला टेकून उभी होती, ती म्हणाली, "तुमी निदान सांगाया तरी आलासा." आणि माझ्या हातात बशी दिली. मी चहा प्यायले, सर. शेजारी बसून, तुम्हाला माझी चूक कबूल करताना बघत, सगळा चहा प्यायले.

कंपनीनं त्यांना परत घेतलं नाही. प्रेस विकली गेली. ज्यांना त्यांनी साचा शिकवला होता त्यांच्या हाताखाली पिंपरीच्या एका वर्कशॉपमध्ये ते टेंपररी म्हणून लागले. तुम्ही नवे अहवाल घेणं बंद केलंत, आणि पुढच्या पावसाळ्यात गेलात. तुमच्या तेराव्याला ते आले होते. मला म्हणाले, "असा सच्चा माणूस पुन्ना न्हाई मिळायचा, ताई." मी मान हलवली.

हे पाकिटात घालून तरी कुठं पाठवणार? घडी करून ठेवून देईन. पण कबूल करायला बसलेच आहे तर एवढंही सांगते. हे सगळं तुम्हाला लिहिणं मला सोपं गेलं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. ज्यांना सांगायला हवं ते कुरुळीचे गृहस्थ अजून आहेत. भोसरीच्या मंडईत कुरुळीची एक बाई भाजी घेऊन बसते, ती न विचारता खबर देते. ऐंशी उलटलीत, कान शाबूत आहेत, आणि रबराचा धंदा आपल्याच मूर्खपणानं बुडाला असं ते नातवांना सांगतात. मंडईसमोरून कुरुळीची बस सुटते, अर्ध्या तासाचा रस्ता. मी पालेभाजी निवडून घेते आणि घरी येते.